अखंडांची यादी

पेटी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत न्यायची होती. मधलं अंतर अकरा पावलांचं. दुसऱ्या कुणीही काय केलं असतं? प्लग काढला असता, पेटी काखोटीला मारली असती, पलीकडे नेऊन पुन्हा लावली असती आणि चहा प्यायला बसला असता. थोरल्याने या अकरा पावलांसाठी रविवारची अख्खी सकाळ घालवली. छापखान्यातून बॅटरी मागून आणली, ती पेटीला जोडली, मग भिंतीतला प्लग काढला. बॅटरी बायकोच्या हातात, पेटी आपल्या हातात, आणि मधली वायर ताणली जाणार नाही अशा बेताने दोघं तिरकी तिरकी निघाली.

"आपण पेटी नेतोय की तान्हं बाळ?" बायकोने विचारलं.

"हळू. दारात उंचवटा आहे."

"आणि बंद पडली तर? एवढं काय आकाश कोसळणार आहे?"

"आकडा जाईल."

"आकडा," ती म्हणाली. चौदा वर्षांच्या संसारात तिने बऱ्याच गोष्टी विचारायच्या सोडून दिल्या होत्या, त्यात ही एक.

आकडा होता चारशे सत्त्याऐंशी. म्हणजे ती पेटी चारशे सत्त्याऐंशी दिवस एकदाही बंद पडली नव्हती, की कुणी केली नव्हती. दोन वेळा वस्तीतली वीज गेली, एकदा घराला रंग दिला, एकदा बायकोच्या झाडूचा दांडा प्लगला लागता लागता राहिला. प्रत्येक वेळी थोरल्याने आकडा वाचवला होता.

पेटी दिसायला अगदी साधी. पुस्तकाएवढी, राखाडी, पुढच्या बाजूला एकच हिरवा दिवा. काम मात्र साधं नव्हतं. थोरल्याच्या आईच्या छातीचे स्नायू दोन वर्षांपासून थकत चालले होते. दिवसातला बराच वेळ तिला तोंडावर मास्क लावून पडावं लागे आणि श्वास यंत्र देई. मास्क निघाला, नळी सुटली, की यंत्र किरकिरायचं. पण ती किरकिर खोलीबाहेर जेमतेम ऐकू जाई. दुपारी घरात कुणी नसे. थोरला छापखान्यात यंत्रांची देखभाल करायचा, बायको दातांच्या दवाखान्यात काउंटरवर. म्हणून ही पेटी. ती दर दहा सेकंदांनी यंत्राची विचारपूस करी, आणि काही बिनसलं की शेजारच्या शिंपिणीच्या भिंतीवरची घंटा वाजवी. शिंपीण दिवसभर शिलाई मशीनवर बसलेली, तिच्याकडे घराची किल्ली. वर्षभरात चार वेळा घंटा वाजली होती आणि चारही वेळा ती मिनिटाच्या आत आली होती, एकदा तर तोंडात टाचण्या तशाच धरून. दर रविवारी थोरला घंटा तपासून बघायचा. नेमाने वाजायची.

पेटी नव्या जागी बसली. बॅटरी निघाली. हिरवा दिवा क्षणभरही मिचकावला नाही. पुढच्या खोलीत खुर्चीवर बसवून ठेवलेल्या आईने मास्क बाजूला करून विचारलं, "झाली का वरात?"

"झाली."

"धाकटीचा तुला काही निरोप?"

हा प्रश्न ती दर रविवारी विचारायची. थोरला दर रविवारी तेच उत्तर द्यायचा. "काही नाही."

"मी एकतीस वर्षं टेलिफोनच्या बोर्डावर बसून लोकांच्या तारा जोडून दिल्या," आई म्हणाली. एका वाक्याला तिला दोनदा थांबावं लागलं. "दोन गावची अनोळखी माणसं. आणि माझीच दोघं." मग तिने मास्क परत चढवला. तिला बोलायचं नसलं की मास्क फार सोयीचा पडे.

आता धाकटीचं सांगायला हवं, कारण पेटीत जे चालत होतं ते दोघांनी मिळून केलेलं होतं. तेरा वर्षांपूर्वी एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून या बहीण-भावांनी एक ऑपरेटिंग सिस्टीम लिहायला घेतली. नाव ठेवलं 'पायवाट'. छोट्या पेट्यांसाठी, ज्यांनी कुठल्या तरी कोपऱ्यात न कुरकुरता वर्षानुवर्षं चालायचं आणि कशावर तरी नजर ठेवायची. फुकट, उघडी, कुणीही घ्यावी, बदलावी, पुढे द्यावी. हळूहळू गावोगावची शंभरेक माणसं जमली. कुणी पंपघर चालवायचं, कुणी काचघरात रोपं वाढवायचं, एक बाई टेकडीवर हवामानाच्या नोंदी घ्यायच्या. कुणी कुणाला पाहिलेलं नाही, पण एकमेकांची ओळन् ओळ तपासलेली.

या मंडळींचा एक दंडक होता, आणि तो थोरल्यानेच घातलेला. जे काही म्हणायचं ते फळ्यावर. फळा म्हणजे सगळ्यांना दिसणारी निरोपांची जागा. सूचना असो, चूक असो, भांडण असो, फळ्यावर लिहायचं. आपसात फोन नाही, कानात कुजबुज नाही. "फोनवर झालेलं बोलणं बाकीच्या अठ्ठ्याण्णव जणांपासून चोरलेलं असतं," असं तो म्हणायचा. धाकटी तेव्हा विशीत होती. तिने हे वाक्य कागदावर लिहून टेबलासमोर चिकटवलं होतं.

दुसरी एक हौस दोनेक वर्षांपूर्वी लागली, अखंडांची यादी; तोवर कुणी पेटी सलग वर्षभरही चालू ठेवली नव्हती. ज्याची पेटी न थांबता सर्वांत जास्त दिवस चालली त्याचं नाव वर. प्रत्येक पेटी रोज सकाळी आपला आकडा आपणच यादीला कळवायची. बक्षीस नाही, काही नाही. पण या यादीपायी लोकांनी काय काय केलं! काचघरवाल्याने घर बदललं तेव्हा पेटी मांडीवर घेऊन, गाडीच्या बॅटरीला जोडून, दीडशे मैल प्रवास केला. शहाणी माणसं, पण यादीचा विषय निघाला की डोक्याने रजा घेतलेली.

आणि मग फूट पडली. कशावरून, ते आज सांगायलाही लाज वाटावी. धाकटीचं म्हणणं, कुठलाही बदल दोघांनी तपासला की आत घ्यावा. थोरल्याचं म्हणणं, तीन पंचांचा होकार हवाच. त्या पंचांत तो स्वतः एक. तीन महिने फळ्यावर रणकंदन माजलं. शेवटी धाकटीने सगळ्यांसमोर लिहिलं, "दादा, तुला चुकांची भीती नाही वाटत. तुला न विचारता काही बरोबर होईल याची भीती वाटते." ती अकरा जणांना घेऊन बाहेर पडली, सगळ्या पायवाटेची नक्कल उचलली आणि 'नवी पायवाट' सुरू केली. थोरल्याकडची माणसं तिला 'आडवाट' म्हणू लागली. बहीण-भावांचं बोलणं त्या दिवसापासून बंद. धाकटी आईकडे यायची, पण सोमवारी दुपारी, थोरला घरी नसताना. आणि पेटीला हात लावायची नाही. फुटीनंतर पहिल्याच आठवड्यात तिने पेटीत नवी पायवाट घालू का असं वहिनीला विचारलं होतं, तेव्हा थोरल्याने असा काही तमाशा केला होता की वहिनीने दोघांनाही हात जोडले.

फूट पडली म्हणजे कामं वेगळी झाली, एवढ्यावर भागायला हरकत नव्हती. पण आडवाटेची माणसं फळ्यावर येतच राहिली. ही चूक सापडली, हा उपाय घ्या, ते दुरुस्त करा. पंचांपैकी एकाला सगळे वकील म्हणत. तो वकील नव्हता, कॉलेजात गणित शिकवायचा, पण कलम सांगितल्याशिवाय तो पाणीही पीत नसावा. त्याने ठराव मांडला, की तिकडून आलेलं काहीही उघडायचंच नाही. उघडलं तर वाद, वाद झाला तर आणखी पाच जण फुटणार. थोरल्याने मान डोलावली आणि एक चाळणी लिहिली. आडवाटेच्या बारा जणांपैकी कुणाचाही निरोप आला, की तो फळ्यावर न लागता परस्पर एका बंद कप्प्यात जाणार आणि लिहिणाऱ्याला एक उत्तर आपोआप पोचणार.

उत्तर काय द्यायचं, यावर वकिलाने सुचवलं, "आपली सूचना स्वीकारली जाणार नाही." थोरल्याला ते उद्धट वाटलं. शिवाय त्यावरून पुन्हा कटकट. त्याने दुसरं लिहिलं: "आपली सूचना वाचली. आभारी आहोत. आपल्याकडून पुढे काही करण्याची गरज नाही."

"पण आपण वाचणार तर नाही," वकील म्हणाला.

"शिष्टाचार म्हणून रे. दार आपटून लावण्यापेक्षा हळूच लोटलेलं बरं."

हे वाक्य लिहून थोरला ते विसरूनही गेला.

त्यानंतर काही महिन्यांनी यादीतून माणसं गळायला लागली.

पहिला पंपवाला. यादीत सर्वांत वर होता. एके दिवशी सकाळी त्याचा आकडा चारशे सत्त्याण्णव, आणि दुसऱ्या दिवशी शून्य. थोरल्याने त्याचा एकच अर्थ लावला, कारण त्याच्या डोक्यात दुसऱ्या अर्थाला जागाच उरली नव्हती: पेटी बंद केल्याशिवाय आकडा शून्य होत नाही, आणि इतके दिवस जपलेली पेटी माणूस उगाच बंद करत नाही. आडवाट घालायची असेल तरच करतो. पंपवाल्याने फळ्यावर लिहिलं, "मी काही केलं नाही. आकडा आपोआप शून्य झाला." थोरल्याने खाली उत्तर दिलं, "आकडे आपोआप शून्य होत नसतात. माणसं करतात." पंपवाल्याच्या डोक्यात सणक गेली. आठवड्याभरात तो खरोखरच आडवाटेला जाऊन मिळाला, आणि थोरला वकिलाला म्हणाला, "बघ, सांगितलं नव्हतं?"

मग काचघरवाला. चारशे सत्त्याण्णव, शून्य. याला तर थोरल्याने विचारलंही नाही, सरळ यादीतून नाव काढलं. काचघरवाल्याने एक अक्षर लिहिलं नाही. नंतर कुठून तरी कळलं की त्याची रोपं एका दुपारी उन्हाने करपून गेली, झडपा उघडल्याच नाहीत. थोरल्याला वाईट वाटलं. पण तो मनाशी हेही म्हणाला, की जा म्हणावं आडवाटेला, मग असंच होणार. आता त्याच्या मनात कसली तरी कुरतड सुरू झाली होती. एखादी गोष्ट घरात विसरून आपण बाहेर पडलोय, आणि कुठली ते आठवत नाही, तसं. रोज सकाळी छापखान्यात जाण्याआधी तो यादी उघडायचा आणि वरच्या नावांकडे बघत बसायचा. वर जो चढतो तो पडतो. आईची पेटी दुसऱ्या नंबरावर आली होती.

सोमवारी, म्हणजे पेटी हलवली त्याच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी आई म्हणाली, "आज धाकटी आली होती. पेटीचं विचारत होती."

थोरल्याने बूट काढता काढता मान वर केली. "काय विचारत होती?"

"दादाने बंद करून परत चालू केली का, म्हणून."

"बघ! अजून डोळा आहेच तिचा पेटीवर. तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, काल या खोलीतून त्या खोलीत नेली बाई. तेवढ्यावर गप्प झाली. 'मग झालं,' म्हणाली." आईने मास्कातून एक श्वास घेतला. "सारखी विचारत होती रे. चेहरा बरा नव्हता तिचा. तूच एक फोन कर ना."

"काही म्हणायचं असेल तर फळा आहे. तिला माहितीय."

आईने मास्क चढवला.

पुढच्या मंगळवारी हवामानवाल्या बाई पडल्या. यादीत सर्वांत वर त्याच होत्या. थोरल्याला हा घाव वर्मी लागला, कारण फुटीच्या वेळी बाई ठामपणे त्याच्या बाजूने उभ्या राहिल्या होत्या. चारशे सत्त्याण्णव, शून्य. तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने बाईंना फळ्यावर जाहीर चार ओळी लिहिल्या. त्यात 'विश्वास' हा शब्द तीन वेळा होता. आता यादीत सर्वांत वर आईची पेटी. चारशे शहाण्णव. हे त्याने जेवताना बायकोला सांगितलं.

"अभिनंदन," बायको म्हणाली. "आईंना पदक देऊ या."

त्याला हसू आलं नाही. त्या कुरतडीला अजूनही नाव नव्हतं.

बुधवारी दुपारी पावणेदोनला छापखान्यात मोठं यंत्र उघडं टाकून, हात वंगणाने भरलेले असताना त्याचा फोन वाजला. अनोळखी नंबर. त्याने कोपरानेच फोन घेऊन स्पीकर लावला.

"मी टेकडीवरची. हवामानवाली." आवाज वयस्कर, धाप लागल्यासारखा. तेरा वर्षांत थोरल्याने तो पहिल्यांदाच ऐकला. "फोन करायचा नाही, हा तुमचाच दंडक. ठाऊक आहे मला. पण तुम्ही मला फितूर म्हणालात, तेव्हा आता दंडक गेला चुलीत."

"बाई, मी कामात आहे. फळ्यावर—"

"ऐकून घ्या. मी पेटीला बोट लावलेलं नाही. आकडा आपणहून शून्य झाला. ते जाऊ द्या. मी आज जुन्या नोंदी काढल्या. ज्या मिनिटाला आकडा शून्य झाला, त्या मिनिटापासून पेटीने एकही नोंद घेतलेली नाही. दिवा हिरवा आहे, आकडा चढतोय, सकाळी यादीला हजेरीही जाते. पण नजर ठेवायचं काम बंद. झोपलीय ती, डोळे उघडे ठेवून."

थोरल्याने हातातला पाना खाली ठेवला.

"तुमच्या बहिणीने याबद्दल काही कळवलं नव्हतं का?" बाईंनी विचारलं. "पंपवाला तिकडे गेला तो ही तक्रार घेऊनच गेला ना?"

थोरल्याने वंगणाच्या हातांनीच छापखान्याच्या संगणकावर बंद कप्पा उघडला. चाळणी लिहिल्यापासून पहिल्यांदाच. आत सत्तेचाळीस निरोप होते. त्यातले चार धाकटीचे.

पहिला दोन महिन्यांपूर्वीचा, कामापुरता, कोरडा. पायवाट वेळ मोजते ती टिचक्यांनी, सेकंदाला शंभर. त्या मोजायला जी जागा ठेवली आहे ती चारशे सत्त्याण्णव दिवस आणि सुमारे अडीच तासांनी भरते, आणि मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. नजर ठेवणारा भाग मात्र पुढच्या तपासणीसाठी जुन्याच आकड्याची वाट बघत बसतो. म्हणजे आणखी चारशे सत्त्याण्णव दिवस. सोबत उपाय जोडलेला, नऊ ओळींचा. खाली लिहिलं होतं: तोवर कुणाला धोका नको असेल तर पेटी एकदा बंद करून चालू करावी, मोजणी नव्याने सुरू होईल.

वेळ मोजण्याचा तो भाग तेरा वर्षांपूर्वी थोरल्यानेच लिहिला होता.

दुसरा निरोप महिन्यापूर्वीचा, तोच मजकूर, काचघरवाल्याच्या रोपांची हकीगत घातलेली. तिसरा अकरा दिवसांपूर्वीचा, त्यात कामाची भाषा सुटलेली. "दादा, हे फळ्यावरच लिहितेय, तुझ्या नियमाने. आईची पेटी येता सोडून पुढच्या बुधवारी दुपारी एकच्या सुमारास तिथे पोचेल. भांडण आपलं आहे, तिचं नाही. एकदा बंद करून चालू कर, बस. मी हात लावणार नाही, तुझा शब्द मोडणार नाही. फक्त वाचलंस एवढं कळव."

त्याखाली उत्तर गेलेलं होतं. आपली सूचना वाचली. आभारी आहोत. आपल्याकडून पुढे काही करण्याची गरज नाही.

चौथा गेल्या आठवड्यातल्या सोमवारचा, पेटी हलवल्याच्या दुसऱ्या दिवसाचा. "वाचलंस, बरं वाटलं. तुझी भाषा कोरडी आहे, पण असू दे. तू वाचलं म्हणालास म्हणजे वाचलंस. आई म्हणाली पेटीही हलवलीस, म्हणजे बंद केलीच असशील. आता निर्धास्त झाले."

छापखान्याच्या घड्याळात एक पन्नास झाले होते. पेटी सुरू केली तेव्हा सकाळचे दहा पस्तीस झाले होते, हे त्याला पाठ होतं. यादीत लिहिलेलंच होतं. दहा पस्तीसवर अडीच तास. एक वाजून पाच मिनिटं.

त्याने आईला फोन लावला. वाजत राहिला. परत लावला. वाजत राहिला. शिंपिणीचा नंबर बायकोकडे. बायकोचा फोन दवाखान्यात बंद असायचा. धाकटीचं घर आईपासून दहा मिनिटांवर, छापखान्यापासून चाळीस. त्याने धाकटीला लावला.

पहिल्याच घंटीला उचलला गेला. "बोल."

"आईकडे जा. आत्ता. पळ. पेटी बंद केलेली नव्हती मी."

"पण हलवलीस ना?"

"बॅटरी लावून हलवली. आकड्यासाठी."

पलीकडे चपला सरकवल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "तू वाचलं म्हणाला होतास, दादा."

"ते उत्तर आपोआप जातं. मी वाचलं नव्हतं. तिकडचं कुणाचंच वाचत नाही आम्ही."

फोन बंद झाला.

थोरला रस्त्यावर कसा आला, गाडी कशी मिळाली, हे त्याला पुढे कधी सांगता आलं नाही. रस्त्यात त्याने आईच्या नंबरावर सात वेळा फोन केला. आठवा केला नाही. ऊन लख्ख होतं, दुकानं उघडी होती, एक माणूस शिडीवर चढून दुकानाच्या पाटीची धूळ पुसत होता. सगळीकडे नेहमीची दुपार चाललेली बघून त्याला कुणाचा तरी गळा धरावासा वाटला.

दार सताड उघडं होतं. दारात शिंपीण उभी, गळ्यात मोजायची टेप, हातात किल्ली. त्याला बघताच ती बोलायला लागली, आणि थांबेचना. "मी जागची हलले नाही हो. सकाळपासून भिंतीला पाठ लावून बसलेय. घंटा वाजलीच नाही. देवाशपथ वाजली नाही. मशीन चालू होती, पण घंटा मला मशीनवरही ऐकू येते, चारही वेळा आली होती की नाही? वाजलीच नाही हो." तिला बाजूला करून तो आत गेला.

नळी यंत्राच्या सांध्यातून निघून पलंगाखाली लोंबत होती. यंत्र अजून किरकिरत होतं, बारीक, कंटाळलेल्या आवाजात. आईचा मास्क कुणीतरी काढून उशाशी ठेवला होता. तिचा एक हात पलंगाच्या कडेवरून नळीच्या दिशेला गेला होता आणि तसाच राहिला होता. धाकटी खाली जमिनीवर बसली होती, तो हात आपल्या हातात घेऊन. ती रडत नव्हती. डॉक्टर येऊन गेला, असं तिने सांगितलं. उशीर झाला होता, असं तो म्हणाला.

भिंतीजवळच्या स्टुलावर पेटी. दिवा हिरवा.

थोरला गुडघ्यांवर बसला. त्याने आईचे पाय धरले. ते अजून पुरते गार झाले नव्हते, आणि त्याला वाटलं, फक्त अर्धा तास, बाईंनी अर्धा तास आधी फोन केला असता. लगेच त्याला कळलं की हा अर्धा तास कुणाकडे मागायचा नाही. दोन महिने त्याच्या कप्प्यात पडून होते. तो मोठ्याने रडला. आईच्या पायांवर डोकं ठेवून, लहान मुलासारखा. दारातली शिंपीण तोंडात पदर कोंबून उभी राहिली.

बऱ्याच वेळाने त्याने मान वर केली तर धाकटी फोनवर काही लिहीत होती. पुसून पुन्हा लिहीत होती.

"काय करतेयस?"

"यादीत अजून एकतीस पेट्या आहेत," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "तिसऱ्या नंबरावर कुणाचं तरी तान्हं बाळ आहे, दिवस भरायच्या महिनाभर आधीच जन्मलेलं. परवा पोचते ती पेटी." तिने निरोप फळ्यावर पाठवला. सवयच ती, तेरा वर्षांची.

क्षणभरात तिच्या फोनवर उत्तर आलं. तिने ते वाचलं, आणि मग हात लांब करून फोन भावासमोर धरला.

आपली सूचना वाचली. आभारी आहोत. आपल्याकडून पुढे काही करण्याची गरज नाही.

थोरला त्या ओळीकडे बघत राहिला. प्रत्येक शब्द त्याने निवडलेला होता.

"आता तरी वाच, दादा," धाकटी म्हणाली.

त्याने तिच्या हातातून फोन घेतला, डोळे पुसले, आणि तिने लिहिलेला निरोप पहिल्या शब्दापासून वाचायला सुरुवात केली.